पुसलेली खूण

लग्नपत्रिका हातभर लांब धरून बघायची, हा मला या धंद्यात मिळालेला पहिला धडा. १९९८ साली मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात डीटीपीच्या दुकानात कामाला लागले. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि भिंतभर पत्रिकांचे नमुने. पेजमेकरमध्ये श्री-लिपीत मजकूर जुळवायचा, बटर पेपरवर प्रिंट काढायची, प्रेसला धाडायची. मी हौसेनं वळणावळणाची अक्षरं निवडायचे, कडेनं वेलबुट्टी टाकायचे. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, चाळिशी कपाळावर सरकवून कागद माझ्या हातातून घ्यायचे, हात लांब करायचे, डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, "मुहूर्त कुठाय?"

मुहूर्त वेलबुट्टीत हरवलेला असायचा. मग काका कागद उलटा फिरवायचे. उलटी अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे नुसतं वजन दिसतं. काळं कुठे दाटलंय, पांढरं कुठे मोकळं आहे, नजर आधी कुठे जाते. मला तेव्हा ती काकांची लकब वाटायची. पुढे डिझाइनच्या पुस्तकांत डोळे किलकिले करून पान तपासायची युक्ती वाचली तेव्हा हसू आलं. ती मी बोळात, दीड हजार पगारावर शिकले होते. शिकले होते म्हणजे पाहिली होती. अंगी लागायला आणखी सतरा वर्षं गेली.

२००१मध्ये मी वेबसाइट करणाऱ्या एका कंपनीत गेले. तेव्हा पडदा ८०० बाय ६००चा धरायचा, २१६ रंगच भरवशाचे मानायचे आणि सगळं पान टेबलच्या खणांत बसवायचं. फोटोशॉपमध्ये अख्खं पान रंगवायचं आणि मग वड्या पाडाव्यात तसे त्याचे तुकडे करून एकेका खणात एकेक ठेवायचा. चौकटीला गोल कोपरे हवेत तर चार कोपऱ्यांची चार चित्रं. मोकळी जागा राखायची तर एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचं. आज सीएसएसच्या एका ओळीत होतं ते काम अर्धा दिवस खायचं, आणि ते जमलं की फार काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

मराठीचे हाल निराळेच. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरमांडणी वेगळी. वाचकाकडे नेमका तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. आम्ही त्यावर पळवाट काढली. शीर्षकं श्री-लिपीत जुळवायची आणि चित्र करून पानावर चिकटवायची. सुबक दिसायची. एकदा एका अंध प्राध्यापकांचा फोन आला. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते वापरत. म्हणाले, "तुमच्या साइटवर मला नुसतं ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक ऐकू येतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, चौकशी होती. मी काहीतरी तांत्रिक अडचण सांगून फोन ठेवला. अडचण होती हे खरं, पण तोवर चित्राला मागून शब्दांचं वर्णन जोडता येतं हेही मला माहीत होतं. कंटाळा केला होता.

मग युनिकोड आलं. विंडोज २०००पासून मंगल हा फॉन्ट घरोघरी पोचला. त्यातली देवनागरी र. कृ. जोशींच्या हातची, म्हणजे अक्षर आणि कविता दोन्ही जगलेल्या माणसाची. मंगलला नावं ठेवणं सोपं आहे, मीही ठेवली आहेत. पण मराठी मजकूर पहिल्यांदा मजकूर म्हणून पानावर उभा राहिला तो त्याच्यामुळे. तरी एक्सपीच्या काळात सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण करून, सीडी घालून, भारतीय लिप्यांची सोय चालू करावी लागे. ती केली नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे जाऊन बसायची. एक ग्राहक चिडून म्हणाले होते, "तुमच्या मुलींना शुद्धलेखन शिकवा आधी."

फॅशनी मी खूप पाहिल्या. २००५नंतर काही वर्षं सगळी बटणं काचेच्या गोळ्यांसारखी चकाकायची आणि प्रत्येक बोधचिन्हाचं पाण्यात पडल्यासारखं प्रतिबिंब दिसायचं. मग टचस्क्रीनचे मोबाइल आले आणि आम्ही चामडं शिवायला लागलो. आयपॅडच्या कॅलेंडरला शिवणीचं चामडं होतं, पुस्तकांना लाकडी फडताळ होतं, खेळांच्या पानाला जुगाराच्या टेबलासारखं हिरवं कापड होतं. मला दुकानदारांच्या उधारीचं एक ॲप करायचं होतं. मी रविवार पेठेतून खरी लाल चोपडी आणली, टेबलावर ठेवून तिचे फोटो काढले, लाल कापड, पांढरा दोरा आणि पिवळसर कागद स्क्रीनवर हुबेहूब उतरवला. पानाचा खालचा कोपरा किंचित उचललेला दाखवला. बोट लावलं की पान उलटायचं, फरकन् आवाजसुद्धा यायचा. ॲपचं बरंचसं वजन त्या कापडाचं आणि कागदाचं होतं. प्रत्येक आकाराच्या स्क्रीनसाठी चित्रांचा वेगळा संच करावा लागायचा. दुकानदार मात्र खूश होते. कुणाला काही शिकवावं लागलं नव्हतं.

सप्टेंबर २०१३मध्ये आयफोनचं सातवं आयओएस आलं आणि चामडं एका रात्रीत जुनाट झालं. मायक्रोसॉफ्टच्या फोनने सपाट रंगांच्या चौकोनांची वाट २०१०मध्येच धरली होती, पण ॲपलने केलं की आमच्याकडे ग्राहक मागायला लागतात. या सपाटपणामागे खरी कारणंही होती. पडदे शंभर आकारांचे झाले होते आणि एकच पान घडीघडीनं लहानमोठं व्हायला हवं होतं. कापडाचा फोटो ताणला की फाटतो, सपाट रंग ताणला तरी रंगच राहतो. शिवाय वापरणारे आता काचेला सरावले होते. दर वेळी खरं बटण असल्याचं नाटक करायची गरज उरली नव्हती. मी सगळ्यांत पुढे होते. कंपनीतल्या तरुण मुलांना गोळा करून मी सावल्या, चौकटी, छटा यांची होळी केली. पांढरं पान, बारीक अक्षर, एकच निळा रंग. त्या काळात मी केलेली कामं अजूनही देखणी वाटतात.

त्यातलंच एक काम सांगली भागातल्या एका पतसंस्थेचं. पिग्मी म्हणजे रोजच्या बचतीचा हिशेब ठेवणारं ॲप. ज्यांना पिग्मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पतसंस्थेचा एजंट बाजारात दुकानोदुकानी फिरतो. पानवाला वीस, किराणावाला शंभर, सलूनवाला पन्नास, असे रोज पैसे गोळा करतो आणि जागेवर पावती देतो. आधी यासाठी हातात मावणारं बटणांचं मशिन असायचं. त्या जागी आता मोबाइल आणि कमरेच्या पाउचमध्ये छोटा ब्लूटूथ प्रिंटर येणार होता. मी खातेदारांची यादी फिकट राखाडीत लावली, रक्कम बारीक, उंच आकड्यांत. खाली "जमा करा" हे दोन शब्द निळ्या रंगात. ना चौकट, ना सावली. शेजारी त्याच निळ्यात "रद्द करा". डिझायनर एकमेकांना कामं दाखवतात त्या ठिकाणी मी ते टाकलं आणि भरपूर वाहवा मिळाली. मी हे सगळं २७ इंची मॉनिटरवर, पडदे ओढलेल्या एसी खोलीत केलं होतं.

काही महिन्यांतच तक्रारी सुरू झाल्या. नोंदी दुबार पडत होत्या. एजंट जुनं मशिन परत मागत होते. मी पहिल्यांदा जे बोलले त्याची आजही लाज वाटते. म्हटलं, "त्यांना ट्रेनिंग द्या." संस्थेचे सचिव शांतपणे म्हणाले, "मॅडम, एक दिवस या. त्यांच्याबरोबर फिरा."

मी गेले. मे महिना, सकाळचे साडेअकरा. ज्या एजंटबरोबर फिरायचं होतं ते पन्नाशीचे. पायात चप्पल, डोक्यावर टोपी, एका हातात फोन आणि चिल्लर. फोनच्या काचेवरचा गार्ड दोन ठिकाणी तडकलेला. चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरावं म्हणून उजेड कमी केलेला. प्रत्येक दुकानापुढे ते एक गोष्ट करायचे, आणि आमच्या खोलीत बसून ती मला शंभर वर्षांत सुचली नसती. उन्हाकडे पाठ करायचे, पोटाशी वाकून स्वतःच्या सावलीत फोन धरायचे आणि वर हाताचं छप्पर करायचे. तरी माझी देखणी राखाडी नावं त्यांना दिसत नव्हती. ते यादी वाचतच नव्हते. कितवं दुकान ते मोजत बोट खाली सरकवत होते.

आणि गार्डवर, खालच्या उजव्या कोपऱ्याशी, एक लाल ठिपका होता. मी विचारलं, हे काय?

"पोरीची टिकली हाय, ताई," ते म्हणाले. "बटन उनात दिसत न्हाई. पन असतंय हितंच."

देवाबद्दल बोलावं तसं ते बोलले. दिसत नाही, पण असतं. मी पुसलेलं बटण त्यांनी टिकली लावून परत जागेवर आणलं होतं. टिकली लागल्यावर, मी इथे यायच्या आधीच, आम्ही काय केलं होतं तर एक अपडेट पाठवलं होतं. गूगलच्या मटेरियल डिझाइनमधलं ते गोल, तरंगतं, अधिकच्या खुणेचं बटण तेव्हा नवीन होतं. मला ते फार आवडलं होतं, म्हणून नेमकं त्या कोपऱ्यात बसवलं आणि "जमा करा" वर नेलं. गोल बटण त्याच खात्यावर आणखी एक नोंद उघडायचं. त्यांचं बोट टिकलीवर जायचं. दुबार नोंदींचं कोडं तिथे, एका चपलांच्या दुकानापुढे सुटलं.

त्या रात्री लॉजवर बसून मी वहीत मधोमध रेघ मारली. चोपडीच्या ॲपमधून मी काय काय काढून टाकलं होतं ते आठवून एका बाजूला सजावट आणि दुसऱ्या बाजूला खुणा लिहायला लागले. लाल कापड, दोरा, पिवळा कागद, फरकन् आवाज सजावटीत गेले. उचललेला कोपरा खुणेत गेला, कारण पुढे आणखी पान आहे हे तो सांगत होता. बटणाची चौकट खूण. बटणाखालची सावली खूण, हे वर आलंय, दाबता येईल, असं ती म्हणते. शब्दाखालची रेघ खूण. दोन गटांमधली मोकळी जागा खूण. चौकोनावर लिहिलेलं "रक्कम" ही खूण, आणि मी तेही फिकट करून चौकोनाच्या आत ढकललं होतं, टाइप करायला लागलं की ते नाहीसं व्हायचं. सपाट फॅशनने मला सजावट काढायला सांगितलं होतं. मी दोन्ही एकत्र गुंडाळून फेकलं, कारण माझ्या खोलीत, माझ्या मॉनिटरवर, मीच केलेल्या पानात मला कुठलीच खूण लागत नव्हती. काका विचारायचे तो प्रश्न मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारला नव्हता.

दुरुस्ती साधी होती. "जमा करा" पूर्ण रुंदीचं, गडद भरीव पट्टीचं केलं आणि तळाशी पक्कं बसवलं. "रद्द करा" लांब, नुसत्या चौकटीत. बोटासाठीच्या जागेला अँड्रॉइडवर ४८ एककांचं आणि आयफोनवर ४४चं जे माप सांगितलं जातं, ते तोवर मी नुसतं बघायचे आणि त्याखाली जायचे. ते पाळायला लागले. ४८ एककं म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, घामेजल्या अंगठ्याला जेमतेम पुरेल एवढं.

राखाडीचं गणितही तेव्हाच नीट समजून घेतलं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर काढता येतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत, २००८पासून, साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षराला ३ ला १ हवं असं लिहिलेलं आहे. माझा लाडका राखाडी, आम्ही त्याला तीन नऊचा म्हणायचो, पांढऱ्यावर फक्त २.८५ भरत होता. म्हणजे सावलीतसुद्धा तो नापास होता. उन्हात तर काचेवर आभाळाचा उजेड पडतो आणि उरलंसुरलं अंतरही पुसलं जातं. मी तो दोनच घरं गडद करून भागवला नाही, बराच खाली नेला. टीममधल्या एका मुलीने कुरकुर केली, पान आता "जड" दिसतंय म्हणून. खरंच दिसत होतं.

एकदा वहीत रेघ मारली की ती सगळीकडे दिसायला लागते. त्याच ॲपच्या हिशेबाच्या पानावर जमा हिरव्यात आणि नावे लाल रंगात होतं, बाकी काही फरक नाही. एका शाखेचे व्यवस्थापक नोंदी सतत उलट वाचायचे. त्यांना लाल आणि हिरवा सारखाच मातकट दिसतो हे चहा पिताना सहज कळलं. पुरुषांमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं, आणि ज्याला आहे तो सहसा सांगत नाही. जुन्या देशी चोपडीत रंगच नव्हते. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. जागा हीच खूण होती. आम्ही जागा वेगळी केली, शब्द लिहिला, अधिक-उणेचं चिन्ह घातलं, आणि रंग वरून दागिना म्हणून ठेवला. आकड्यांचंही तसंच. एक लाखाचा स्वल्पविराम परदेशी पद्धतीने १००,००० असा पडत होता. आमच्या माणसाची नजर १,००,००० ला सरावलेली, ती तिथे अडखळायची. शिवाय एकाखाली एक येणाऱ्या रकमांचे आकडे सारख्या रुंदीचे लागतात, नाहीतर शतक दशकाखाली येतं. हे फॉन्टमध्ये एका सोयीने होतं, पण ती चालू करायची असते हे मला कितीतरी उशिरा कळलं.

देवनागरीने माझी जेवढी घमेंड उतरवली तेवढी कुणीच उतरवली नाही. प्रत्येक नवी फॅशन रोमन अक्षर डोळ्यासमोर ठेवून जन्मते. लहान शीर्षकं कॅपिटलमध्ये, अक्षरं सुटी सुटी करून लावायची पद्धत आली तेव्हा मीही ती मराठीला लावली. आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. आणि अक्षरं सुटी केली की शिरोरेघ तुटते. "महाराष्ट्र" हा शब्द पुरात वाहून आलेल्या फळ्यांसारखा दिसायला लागला. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं आणि बटणाची उंची पक्की केली, तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले गेले. "माझे खाते"चं झालं "माझ खात". "पुढे" या बटणाचं झालं "पढ". एक मावशी म्हणाल्या, "शिकायला सांगतंय वाटतं." तेव्हापासून मराठी मजकुराला मी ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीपेक्षा जास्तच ठेवते. त्याच मापाचं मराठी इंग्रजीशेजारी लहान वाटतं, म्हणून अक्षर एखाद्या घराने मोठं करते. "ष्ट्र", "द्ध" यांच्यासारखी जोडाक्षरं बारीक मापात शाईचा डाग होतात, म्हणून कुठलाही फॉन्ट निवडताना आधी तीच लिहून बघते. मग "दुसऱ्या" लिहून बघते, आपला ऱ्य नीट उमटतो का. मग "लक्ष" आणि "शाळा", त्यातले ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. पानाची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये सांगितलं तर आपलं वळण आपोआप येतं. ती एक ओळ लिहायची राहून गेलेली पानं मी मोजायची सोडली आहेत, आणि त्यात माझीही आहेत.

पूर्वी निवडायला फॉन्टच नव्हते हे मात्र खरं. २०१४च्या सुमारास गूगल फॉन्ट्सवर चांगली देवनागरी यायला लागली. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'एक मुक्त' आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स आला तेव्हा दुष्काळात टँकर आल्यासारखं झालं होतं. त्यांचंही वजन असतं. जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल रोमनच्या कितीतरी पट जड होते, आणि पाच जाडींचा मोह झाला तर खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडायच्या आत माणूस दुसरीकडे जातो. मी दोनच जाडी वापरते.

दुसरी खोड नमुन्याच्या मजकुराची. नमुना पानात आम्ही सुटसुटीत दोन शब्दांची नावं टाकायचो, गोरेगोमटे चेहरे टाकायचो. प्रत्यक्षात एकेका संस्थेचं नाव "ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित" अशा शेपटीसह तीन ओळी घेतं, खातेदार आपलं, वडिलांचं आणि आडनाव पूर्ण लिहितो, आणि फोटोच्या जागी आधार कार्डाची धूसर प्रत असते. आता मी काम सुरू करायच्या आधी ग्राहकाकडून सगळ्यांत लांब नाव, सगळ्यांत मोठी रक्कम आणि सगळ्यांत वाईट फोटो मागते. पान त्यावर उभं राहिलं तर बाकीच्यांवर राहतंच.

माझा फॅशनवर राग नाही, असं सांगितलं तर हाताखालची मुलं विश्वास ठेवत नाहीत. पण पैशांचं ॲप जुनाट दिसलं तर लोक त्यावर भरवसा ठेवत नाहीत, हे मी पाहिलं आहे. सजावट बदलायलाच हवी, घराला रंग काढतो तशी. २०१९मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर काळी पार्श्वभूमी अधिकृतपणे आली. आम्ही उत्साहाने सगळं उलटं केलं, पांढऱ्याचं काळं. मग कळलं की काळ्यावर सावली दिसत नाही. कुठलं कार्ड वर आहे ते दाखवायला तो पृष्ठभाग थोडा उजळ करावा लागतो. ठार काळ्यावर शुभ्र अक्षर लावलं की काही जणांना अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या दिसतात, म्हणून काळा थोडा उजळायचा आणि पांढरा थोडा मळवायचा. भडक लाल काळ्यावर थरथरतो, तो फिकट करायचा. थोडक्यात, ती उलटी प्रत नव्हती, नवं पान होतं. ओलेड पडद्यावर काळे ठिपके बंद राहतात, त्यामुळे बॅटरी वाचते, रात्री अंथरुणात डोळ्यांना बरं वाटतं. मी ते कौतुकाने आमच्या पिग्मीवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी उन्हात फोन धरला आणि म्हणाले, "ह्यात माझंच त्वांड दिसतंय की." आम्ही त्यांच्यासाठी पांढरं ठेवलं.

मग काही महिने मऊ, फुगीर, एकाच रंगाच्या बटणांची टूम आली. पार्श्वभूमीच्याच रंगाचं बटण, फक्त एका कडेला उजेड आणि दुसरीला सावली. चित्रात इतकं मोहक की हात लावावासा वाटे. मी एक पान केलं, गुणोत्तर काढलं आणि फाइल बंद केली. २०१५च्या आधीची मी असते तर ते पाठवून दिलं असतं. त्यानंतर धुरकट काच आली, आणि जून २०२५मध्ये ॲपलने पाण्यासारखी काच दाखवली, मागचं सगळं वाकडं होऊन पुढे झिरपणारी. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी तिघांनी तसंच काम सुरू केलं. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. काच जिथे मजकूर नाही तिथे, आणि नमुना झाला की बारा वाजता गच्चीवर यायचं. त्यांनी गच्चीवर फोनवर हाताचं छप्पर धरलेलं बघून मला हसू आलं. तीन पानांपैकी एक टिकलं. ते खरोखर छान आहे.

गेल्या वर्षी मला चाळिशी लागली. बरेच महिने मान्य केलं नाही. फोन लांब धरायचे, हात पुरेना. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर दोन घरं मोठं केलं आणि कामासाठी ते पिग्मीचं ॲप उघडलं. उन्हातली दुरुस्ती केलेलं, जिथे तिथे अभिमानाने दाखवलेलं. बटण ठसठशीत होतं, रंग गडद होते. वरच्या पट्टीवर "नोंदी" असं लिहिलेलं असायचं. अक्षर मोठं झालं होतं, पट्टीची उंची मीच पक्की ठरवून दिली होती, आणि काना तेवढा उरून वरच्या मात्रा, अनुस्वार, वेलांटी कापल्या गेल्या होत्या. पट्टीवर मला दिसलं, "नादा".

दहा वर्षं ते तसंच होतं. ज्यांनी ज्यांनी अक्षर मोठं करून ठेवलं असेल त्यांना ते तसंच दिसलं असणार, आणि त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी बहुधा आपलीच काहीतरी टिकली लावून घेतली. मी चष्मा कपाळावर सरकवला, फोन हातभर लांब धरला आणि बाकीची पानं एकेक करून उघडायला घेतली.